झाशीची भुई आणि तिच्यावरचे लेप

राजवाडा पाहावयास गेलेला मनुष्य वर पाहत चालतो. झाशीच्या राणी महालात तर वर पाहण्याजोगे पुष्कळच आहे. वरच्या मजल्यावरील दरबारच्या दालनाचे रंगविलेले छत, भिंतींवरील वेलबुट्टी आणि पशुपक्षी पाहावेत. खाली यावे तो चौकाभोवतीच्या दालनांत मांडून ठेवलेली नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे नजर खिळवून ठेवतात. या सर्वांत पायाखालच्या जमिनीकडे लक्ष देण्याचे कोणास सुचत नाही. इतिहासकारांनीही तिची दखल क्वचितच घेतली आहे. वस्तुतः इमारतीचा जो भाग सर्वांत अधिक झिजतो, ज्याची डागडुजी सर्वांत अधिक वेळा होते आणि ज्याच्यासाठी घरातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या कंबर वाकवून राबत आली, तो भाग जमीन हाच होय.

या उपेक्षित विषयाकडे वळण्यास एक व्यावहारिक निमित्तही आहे. मोटारींची गॅरेजे, दुकाने, औषधांची कोठारे, प्रयोगशाळा आणि अलीकडे राहती घरेसुद्धा इपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेच्या चकचकीत लेपाने मढविण्याची पद्धत आपल्या देशात रूढ झाली आहे. अशा कामांची अंदाजपत्रके मंजुरीसाठी ज्यांच्या टेबलावर येतात त्यांत या मासिकाचे वाचकही असणार. परप्रांतात नेमणुकीवर असलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जुन्या-नव्या सर्व प्रकारच्या इमारती येतात, आणि लेप नवा म्हणून सर्वत्र सारखाच चांगला अशी समजूत करून घेणे सोपे असते. तो कोठे योग्य आणि कोठे घातक, याचे उत्तर कंत्राटदाराच्या पत्रकात सापडत नाही. झाशीसारख्या गावाच्या भुईचा इतिहास चाळला तर ते बरेचसे सापडते.

प्रथम शब्दांकडेच पाहू. भुई हा आपला जुना, संस्कृतातून झिरपत आलेला शब्द. परंतु ‘जमीन’ फारशी आहे. ‘फरशी’च्या मुळाशी अरबी ‘फर्श’ आहे, आणि त्याचा अर्थ पसरलेली वस्तू, अंथरूण असा होतो. ‘कोबा’ हा शब्द कुटणे या अर्थाच्या फारशी धातूवरून आला. ‘सुरखी’ म्हणजे विटांची भुकटी. तिला हे नाव तिच्या तांबड्या रंगावरून मिळाले. म्हणजे मराठी माणसाने घराच्या तळाला दिलेल्या नावांतच दोन कल्पना एकमेकींशेजारी बसल्या आहेत. एक मूळच्या मातीची आणि दुसरी तिच्यावर अंथरलेल्या, कुटून घट्ट केलेल्या थराची. पुढील सर्व हकीकत या दुसऱ्या थराची आहे.

झाशीचा किल्ला ओर्छ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांगरा टेकडीवर बांधविला. टेकडी कणखर दगडाची, आणि तटाच्या भिंतीही त्याच जातीच्या दगडाच्या. छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या वाट्यातून बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला आणि १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचा सुभेदार झाला. नाशिकच्या पंचवटीतील ज्याच्या देवळाची घंटा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल तोच हा नारोशंकर. त्याने किल्ला वाढविला, त्या भागास शंकरगड हे नाव पडले, आणि किल्ल्याखाली शहर वसविले. पुढे रघुनाथ हरी नेवाळकर सुभेदार झाला. मूळचे रत्नागिरीकडील हे कऱ्हाडे घराणे १८५३ पर्यंत झाशीवर नांदले. महालक्ष्मीचे देऊळ आणि राणी महाल ही या रघुनाथ हरीच्याच काळची बांधकामे मानली जातात.

या सुभेदारांबरोबर कारकून, भिक्षुक, शिलेदार, आचारी अशी शेकडो मराठी कुटुंबे उत्तरेत आली. देव आले, पंचांग आले, चकल्यांचे सोरे आले. आणि सारवणही आले असे म्हणावयाचा मोह होतो. पण सारवण येथे आधीपासूनच होते. बुंदेली घरांत शेणामातीने जमीन लिंपण्याची चाल आपल्याइतकीच जुनी आहे. लिंपून झाल्यावर कडेने छुई या पांढऱ्या मातीची किनार ओढतात आणि सणावारी पिठाचे चौक पुरतात. कोकणातली गृहिणी शेणात कोळशाची पूड घालून जमीन काळीभोर करी आणि तिच्यावर पांढरी रांगोळी उठवी. झाशीच्या मराठी वाड्यांत या दोन चालींची गाठ पडली, तेव्हा शिकण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. धर्म, भाषा आणि जेवण यांत जे भेद टिकले ते पोतेऱ्यात टिकले नाहीत.

सारवणाचे गुण आज आपण फार भावनेने गातो. त्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. हा लेप कागदाइतका पातळ. शेणातील गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात, तडे बुजतात, धूळ बसते. परंतु आठ-पंधरा दिवसांत तो झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. घरात पंगत उठली की लगेच, सुतक-सोयर फिटले की लगेच, पावसाळ्यात ओल सुटली की पुन्हा. हे काम कोणी केले? घरातील सुनांनी आणि मोलकरणींनी, पहाटेच्या अंधारात, उकिडवे बसून, गार पाण्यात हात घालून. राजवाड्यांच्या इतिहासात ज्या बायांची नावे नाहीत त्यांच्या श्रमावर त्या राजवाड्यांची स्वयंपाकघरे आणि देवघरे स्वच्छ राहिली. जमिनीला एकदाच काहीतरी लावावे आणि वर्षानुवर्षे विसरून जावे, ही इच्छा आळसातून जन्मलेली नाही. ती या कंबरदुखीतून जन्मलेली आहे, आणि इपॉक्सीच्या विक्रेत्याचे सर्वांत मोठे भांडवलही तेच आहे.

श्रीमंत घरांत आणि देवळांत या इच्छेचे पहिले उत्तर होते चुन्याचा कोबा. चुनखडी सुमारे ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवितात आणि पुष्कळ दिवस मुरत ठेवतात. नंतर घाणीच्या गोल चरात बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली सुरखीसह मळतात. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात आणि बुंदेलखंडात कंकराचाही चुना करीत. त्यात चिकणमातीचा अंश मुळातच असल्यामुळे तो पाण्यातही घट्ट होतो. साध्या चुन्याला हा गुण सुरखीने येतो. विटांच्या भुकटीचा चुन्याशी संयोग होऊन ओलीस दाद न देणारे संयुग तयार होते, ही गोष्ट रसायनशास्त्र जन्मण्याच्या फार पूर्वी गवंड्यांना ठाऊक होती. रोमन लोकांनाही ती ठाऊक होती. व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागाचा आरंभ जमिनीच्या थरांनीच केला आहे आणि वरच्या थरासाठी तीन भाग कौलांचा चुरा व एक भाग चुना हे प्रमाण दिले आहे. हे वाचताना आपल्याकडील एखादा जुना मिस्त्रीच बोलत आहे असे वाटते.

तळाशी दगडगोटे, त्यावर विटांचे तुकडे आणि चुना, वरती बारीक चुन्याचा हात, असे थर पडत. मग कामकरी स्त्रिया ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी तो थर दिवसेंदिवस चोपीत. चुन्यात पाणी शिंपडताना गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, कोठे उडदाचे पीठ घालीत. प्रत्येक मिस्त्रीची कृती निराळी, आणि प्रत्येकाची गुप्त. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटाई होई. चांगला घोटलेला कोबा हाताला थंड लागतो आणि त्याच्यात चेहरा दिसत नसला तरी दिव्याची ज्योत दिसते.

या जमिनीचा एक गुणधर्म मात्र नीट ध्यानात घ्यावयास हवा, कारण पुढचा सारा वाद त्याच्यावर उभा आहे. कोबा कितीही घोटला तरी तो सूक्ष्म छिद्रांचा असतो. झाशीला वर्षाचा पाऊस साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर, आणि तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. जुन्या वाड्यांच्या पायात आजच्यासारखा ओल अडविणारा थर नाही. दगडमातीतून ओल वर चढते, चुन्याच्या छिद्रांतून वाफ होऊन निघून जाते, आणि उन्हाळ्याच्या झळांत जमीन पुन्हा कोरडी होते. सारवलेल्या भुईचेही तसेच. जमीन ओल धरते आणि सोडते. या देवघेवीवरच तो वाडा दीडदोनशे वर्षे उभा असतो.

१८५३ च्या २१ नोव्हेंबर रोजी गंगाधरराव वारले आणि पुढील वर्षी संस्थान खालसा झाले. राणी किल्ला सोडून शहरातील महालात राहू लागली. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजचा वेढा पडला, ३ एप्रिलला इंग्रजी फौज शहरात शिरली, आणि महालात दालनादालनांतून लढाई झाली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचला आहे त्यांना त्या दिवसांची वेगळी आठवण करून देण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरते एवढेच की, आग, तोफा आणि लूट यांतून गेलेल्या शहरात त्यानंतर दुरुस्त्यांचे थरावर थर चढले. १८६१ मध्ये शहर व किल्ला शिंद्यांकडे गेला, १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात तो पुन्हा इंग्रजांकडे आला. मालक बदलले की जमिनी उखडल्या जातात. निदान त्यांच्यावर नवा हात फिरतो.

नवी जमीन मात्र आली ती रेल्वेबरोबर. इंडियन मिडलंड रेल्वेने १८८० नंतरच्या दशकात झाशीला मोठे जंक्शन बनविले, आणि १८९५ मध्ये डबे दुरुस्त करण्याचा कारखाना उभा राहिला. ही रेल्वे १९०० मध्ये जी. आय. पी. त विलीन झाली. १९५१ मध्ये मध्य रेल्वे निघाली, आणि २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वेकडे जाईपर्यंत झाशी विभागाचा कारभार मुंबईच्या बोरीबंदरातूनच चालत असे. नेवाळकरांनंतर मराठी माणसाला झाशीस नेणारी ही दुसरी वाट. पहिल्या वाटेने आलेला सारवलेल्या भुईवर बसला, दुसऱ्या वाटेने आलेला रेल्वेच्या क्वार्टरातील सिमेंटवर.

जोसेफ अॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले. आपल्या देशात त्याचे नियमित उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले, आणि पुढे कटनीसारखे ठिकाण या धंद्याचे केंद्र बनले. मग पेटंट स्टोनची करडी जमीन आली, हिरमुजी घालून घोटलेली तांबडी आली, कडेला काळा पट्टा आला. मुंबईत १९२२ मध्ये निघालेल्या भारत टाइल्सच्या रंगीत लाद्या ज्यांना परवडल्या त्यांनी त्या बसविल्या. ललितपूरकडील दगडाच्या फरश्या तर बुंदेलखंडात कधीच हटल्या नाहीत. सारवणाचा त्रास गेला. पण सिमेंटचे दोन दोष कारखान्यांत लवकरच उघडे पडले. पृष्ठभागावरची कमकुवत साय झिजून तिची बारीक पूड सतत उडत राहते आणि यंत्रांच्या सांध्यांत शिरते. आणि सांडलेले तेल काँक्रीट पिऊन टाकते, ते मग कशानेही निघत नाही. मोटारीच्या गॅरेजची काळीकुट्ट जमीन ज्याने पाहिली आहे त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

या दोन दोषांवर इपॉक्सी हा खरोखरच नामी उपाय आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तिचा जन्म मात्र जमिनीसाठी झाला नाही, तो दातांसाठी झाला. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हा रसायनज्ञ दंतवैद्यकाला लागणारे पदार्थ बनविणाऱ्या एका कंपनीसाठी कवळ्यांकरिता न आकसणारी राळ शोधीत होता. त्याचे पेटंट १९३८ चे. दाताच्या धंद्यात ती चालली नाही. सीबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ मध्ये अॅरल्डाइट या नावाने ती चिकट द्रव्य म्हणून बाजारात आणली. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली याने त्याच सुमारास स्वतंत्रपणे रंगांसाठी तशीच राळ तयार केली. आपल्याकडे गुजरातेत वलसाडजवळील अतुल येथे अशा राळा तयार होतात. झाशीलाही ही राळ जमिनीच्या वाटेने आधी आली नसावी. १९७४ मध्ये तेथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा ट्रान्सफॉर्मरांचा कारखाना उभा राहिला, आणि तेलाशिवाय चालणाऱ्या कोरड्या ट्रान्सफॉर्मरांत तांब्याची वेटोळी इपॉक्सीतच ओतून घट्ट करतात. विजेला अडविणारी वस्तू पुढे तेलाला आणि पाण्याला अडविण्याच्या कामी लागली, इतकेच.

या लेपाची कृती जुन्या मिस्त्रीला ओळखीची वाटेल. एका डब्यात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारे द्रव्य. दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळली की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि उष्णता बाहेर पडते. तयार मिश्रण वापरण्यास सामान्यतः अर्धा-पाऊण तास मिळतो. उष्णतामान दहा अंशांनी चढले की ही मुदत जवळजवळ निम्मी होते, म्हणून ४५ अंशांच्या वैशाखात भर दुपारी हे काम काढणारा कंत्राटदार एक तर अडाणी असतो किंवा त्याला बिलाची घाई असते. लेपाची जाडी नुसत्या रंगासारखी असेल तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आपोआप समतल होणारा थर असेल तर दोन ते तीन मिलिमीटर. चार इंचांच्या कोब्यापुढे हे काहीच नव्हे. म्हणूनच सारे बळ खालच्या जमिनीत असावे लागते. नवे काँक्रीट निदान २८ दिवस पिकलेले हवे. वरची साय यंत्राने घासून काढावयास हवी. तेलाचा डाग राहता कामा नये. भेगा भरल्या पाहिजेत. आणि ओल नको. शंभरातली नव्वद कामे बिघडतात ती राळेच्या दोषाने नव्हे, या पूर्वतयारीत काटकसर केल्याने, असे या धंद्यातील जाणती माणसे सांगतात. आकडा अलंकारिक धरला तरी रोख खरा आहे.

आणखी एक गोष्ट अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. कच्ची राळ आणि तिचे घट्टकारी द्रव्य कातडीला लागत राहिले तर कामगाराला त्वचेचा असा विकार जडू शकतो की पुढे त्या द्रव्याचा नुसता स्पर्शही त्याला सोसत नाही. हातमोजे आणि हवेशीर जागा यांची अट कामाच्या हुकमातच घालावी. चोपण्या मारणाऱ्या बायांचा हिशेब कोणी ठेवला नाही, म्हणून यांचाही न ठेवण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न. शस्त्रक्रियेच्या दालनात, औषधांच्या कोठारात, यंत्रशाळेत, गॅरेजमध्ये, जेथे खाली ओल अडविणारा थर घातलेले कोरडे काँक्रीट आहे तेथे, हा लेप द्यावा. उघड्या अंगणात देऊ नये. उन्हाने तो पिवळा पडतो, आणि तापलेल्या चाकाखाली साधी इपॉक्सी मऊ होऊन सुटते. परंतु जुन्या वाड्यात, देवळाच्या सभामंडपात, चुन्याच्या कोब्यावर किंवा मातीवर थेट बसविलेल्या दगडी फरशीवर तो देणे म्हणजे इमारतीचे तोंड दाबणे होय. जमिनीतून चढणारी ओल आता वर निघू शकत नाही. ती लेपाखाली साठते, फोड येतात, पापुद्रे सुटतात. येथवर नुकसान लेपाचे. पुढचे नुकसान वाड्याचे. अडलेली ओल बाजूला वळते आणि भिंतींतून चढू लागते. तिच्याबरोबर विरघळलेले क्षार चढतात, भिंतीच्या पृष्ठभागाशी त्यांचे स्फटिक बनतात, आणि ज्याला आपण लोणा म्हणतो तो गिलावा आतून फोडू लागतो. भिंतीवर चित्र असेल तर ते गिलाव्याबरोबर जाते. जमीन आरशासारखी दिसते आणि तिच्या शेजारची दोनशे वर्षांची वेलबुट्टी पिठासारखी गळते. दोष मग ‘जुनाट भिंती’ला दिला जातो आणि तिच्यासाठी सिमेंटच्या गिलाव्याचे नवे अंदाजपत्रक तयार होते.

राणी महाल आणि किल्ला पुराणवस्तु खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांच्याबद्दल ही भीती बाळगण्याचे कारण कमी. २०१० च्या दुरुस्तीपासून संरक्षित वास्तूच्या १०० मीटरच्या आतील घरादुकानांच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. चिंता आहे ती या मर्यादेबाहेरच्या, कोणत्याही यादीत नाव नसलेल्या वास्तूंची. देवस्थानांच्या धर्मशाळा, शाळांना दिलेले वाडे, छावणीतील चुन्याचे बंगले यांची देखभाल करणारा अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो आणि भिंतीत लोणा दिसावयास चौथे वर्ष लागते.

परीक्षा अगदी सोपी आहे आणि तिला खर्च नाही. दीड फूट लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि निदान १६ तासांनी, म्हणजे संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी, उचलून पाहावे. उन्हाळ्यातली परीक्षा फसवी असते. ती भाद्रपदात घ्यावी. खालच्या बाजूस थेंब धरले असतील किंवा जमीन काळवंडली असेल, तर तेथे राळेचे काम नाही. तेथे खड्डे चुना-सुरखीनेच भरावेत, वर चुन्याचाच हात द्यावा आणि घोटून घ्यावा. त्याला वेळ लागतो. चुना काही आठवडे मुरावा लागतो, चोपणाऱ्या हातांना आज पुरी मजुरी द्यावी लागते, आणि घोटाई जाणणारा मिस्त्री शोधण्यासाठी ओर्छा-दतियाकडे माणूस धाडावा लागेल.